यादीतली बहीण

चिखली
२९ जानेवारी २०२५

चि. कडूबा,

मोठी बहीण आहे म्हणून आशीर्वाद लिहिते. तेवढा घे आणि पुढचं नीट वाच.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर ‘रेंज नाही’ म्हणतोस, नाहीतर बायकोच्या हातात देतोस, आणि गोजरबाई बिचारी पाऊसपाणी विचारत बसते. म्हणून हे पत्र रजिस्टर टाकते आहे. पोस्टमन सही घेतल्याशिवाय देणार नाही, म्हणजे मिळालंच नाही असं तुला म्हणता येणार नाही.

काल आपल्या गावचा नागसेन तूर घेऊन चिखलीच्या बाजारात आला होता. जाता जाता आमच्या गिरणीवर डोकावला आणि हसतच म्हणाला, “काय ताई, जमीनदार झाल्या अन् पेढे बी नाही?” मला काही कळेना. मग त्याने सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेची सगळी हकिकत सांगितली.

तू म्हणे उठून माइक घेतलास. “अतिवृष्टीची मदत कोणाकोणाले भेटली, सगळी यादी वाचा. सरपंचाचे बोगस लाभार्थी गावाले दिसू द्या.” ग्रामसेवक म्हणाला यादी बोर्डावर लावली आहे. तू म्हणालास, “बोर्डावरचं कोण वाचते? मोठ्यानं वाचा, एकूण एक नाव वाचा.” त्याने वाचली. सरपंचाच्या भावकीची चार नावं आली तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास. मग सत्तेचाळिसावं नाव आलं. अन्नपूर्णा मोतीराम म्हस्के, गट नंबर एकशे बारा, एक हेक्टर साठ आर. मागून कोणीतरी ओरडलं, “अबे, हे तं दत्तूआप्पाची अन्नपूर्णा! तिले देऊन तीस वर्षं झाले, ती कवा पेरते इथं?” नागसेन म्हणतो, सगळा मंडप हसला आणि तू खाली बसलास.

कडूबा, आईच्या तेरवीला तू माझ्यापुढे कागद ठेवलास आणि मी न वाचता सही केली, त्याला बारा वर्षं झाली. माझा हिस्सा मी सोडला असं मी आजवर समजत आले. दोन वर्षांमागे माझी प्रेरणा नवऱ्याचं घर सोडून आली. भाज्यांच्या रोपांची वाडी लावायला तिला अर्धा एकर कसायला दे, म्हणून मी तुझ्या ओसरीवर बसून पदर पसरला. तेव्हा तू म्हणालास, “ताई, तुहं नाव तं सातबाऱ्यावरून कवाच गेलं. आता मले काही करता येत नाही.”

मग या यादीत मी कशी? एका ओळीत उत्तर दे.

अन्नपूर्णा


मांजरटेक, ता. लोणार
६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोस्टमनने भर चावडीवर, दहा माणसांसमोर माझ्याकडून सही घेऊन दिलं. भावाला रजिस्टर पाठवणारी तू गावातली पहिलीच बहीण. लोक विचारतात, वकिलाची नोटीस आली का?

यादीचं म्हणशील तर ती कॉम्प्युटरची चूक आहे. जुनी नावं निघत नाहीत, मेलेल्या माणसांचीही येतात. आणि मी यादी वाचायला लावली ती गावाच्या भल्यासाठी. सरकारी पैसा कोणाला जातो हे जनतेला कळायला पाहिजे ही माझी भूमिका आहे आणि राहील. पुढच्या निवडणुकीत मी सरपंचपदाला उभा आहे, म्हणून विरोधकांनी मुद्दाम तुझं नाव मोठ्याने वाचायला लावलं. नागसेन त्यांच्यातलाच. त्याच्या तोंडी लागू नकोस.

तरी पण हा घोळ एकदाचा मिटवून टाकू. तेरवीचा तो कागद रजिस्टर करायचा तेवढा राहून गेला होता. एक दिवस लोणारला ये. दहा मिनिटांचं काम आहे, एक सही. गोजर पुरणपोळी करील. प्रेरणासाठी आणि तुझ्यासाठी साड्या घेऊन ठेवल्या आहेत.

भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ
कडूबा


चिखली
१३ फेब्रुवारी २०२५

कडूबा,

कॉम्प्युटरने चूक केली म्हणतोस, म्हणून मी कॉम्प्युटरलाच विचारलं. प्रेरणाला घेऊन सेतू केंद्रावर गेले आणि गट एकशे बाराचा उतारा काढला. पाच मिनिटं लागली. बारा वर्षं मी जे विचारायला घाबरत होते ते पाच मिनिटांत हातात आलं. आठ एकर, दोन खातेदार. तू आणि मी. अर्धं अर्धं.

मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. प्रेरणा म्हणाली, “आई, तुझं नाव वरती आहे, मामाचं खाली.” थोरली म्हणून वर असेल. तिला हसू येत होतं आणि मला रडू.

सेतूवरचा पोरगा हुशार आहे. त्याने मला विचारलं, “मावशी, भावानं तुमचं नाव काऊन ठेवलं असंल, माईत हाय का? आठ एकर एकाच्या नावावर असले तर तो मोठा शेतकरी. दोघाईच्या नावावर असले तर दोघं बी लहान. तुषार संच घ्या, पाइप घ्या, नुकसानीची मदत घ्या, सगळं दोन डाव भेटते.” आता कळलं कागद रजिस्टर करायचा ‘राहून’ का गेला. अनुदान घ्यायला बहीण खातेदार, आणि भाचीला अर्धा एकर द्यायची वेळ आली की बहिणीचं नाव गेलेलं. तू मला सातबाऱ्यावर पाळून ठेवलंस, कडूबा. वर्षातून एकदा माझ्या नावाचं दूध काढायचं आणि पुन्हा बांधून टाकायचं.

माझ्या नावाची मदत माझ्या खात्यात आली नाही, म्हणजे ती तुझ्या खात्यात गेली. त्यासाठी माझी संमती लागते असं कळलं. मी ती दिलेली नाही. त्या संमतीपत्राची नक्कल मिळावी म्हणून मी आज माहितीच्या अधिकारात अर्ज दिला आहे. सरकारी पैसा कोणाला जातो हे जनतेला कळायला पाहिजे ही तुझी भूमिका आहे ना? मीही जनताच आहे.

साड्या गोजरबाईला दे. आणि आता मला अर्धा एकर नको. माझे चार एकर मला पाहिजेत. प्रेरणा तिथे रोपवाटिका लावील.

अन्नपूर्णा


मांजरटेक
२२ फेब्रुवारी २०२५

ताई,

आता सभ्यपणा पुरे. तू उघड मैदानात आलीस तर मीही येतो.

चार एकर पाहिजेत म्हणे. आप्पा गेले तेव्हा विहीर कोरडी होती, ती तीस फूट खोल कोणी नेली? मी. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली, तिचं हगणं-मुतणं कोणी काढलं? माझ्या बायकोने. तू चार महिन्यांतून एकदा यायचीस, आईच्या उशाशी बसून रडायचीस आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचीस. प्रेरणाच्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत मीच उभा होतो. ती नवऱ्याकडे नांदली नाही हा माझा गुन्हा आहे का? पोरीला सांभाळता आलं नाही म्हणून भावाच्या वावरावर डोळा?

सरकारकडून चार पैसे जास्तीचे घेतले तर काय दरोडा घातला? सगळा गाव घेतो. मी घेतलेले पैसे जमिनीतच घातले, दारूत नाही.

आणि माहेराचं म्हणशील तर नीट ऐक. या गावात आजपर्यंत एकाही लेकीने भावाकडून हिस्सा घेतलेला नाही. तू घेतलास तर या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस. माझ्या मेल्यावर रडायलासुद्धा येऊ नकोस.

अर्ज दिलास, छान केलंस. पण एवढं लक्षात ठेव. मदत उचलली गेली ती तुझ्या नावावर. उद्या चौकशी लागली तर वसुलीची नोटीस अन्नपूर्णा मोतीराम म्हस्के या नावाने निघेल. आणि ते संमतीपत्र हातात आलं की वरचं वाचून ओरडत सुटू नकोस. खाली साक्षीदार कोण आहे ते आधी वाच. मग मला पत्र लिहायची हिंमत होते का बघ.

कडूबा


चिखली
१७ मार्च २०२५

कडूबा,

हिंमत झाली. आठ दिवस लागले, पण झाली.

नक्कल गेल्या आठवड्यात टपालाने आली. तीन वर्षांपूर्वीची तारीख आहे. ‘मी अन्नपूर्णा, माझ्या हिश्श्याची सर्व शासकीय मदत माझे बंधू कडूबा दत्तू काकड यांच्या खात्यात जमा करण्यास राजीखुशीने संमती देते.’ खाली माझ्या नावापुढे अंगठा. मी सातवी पास आहे, कडूबा. तुला पहिलीची बाराखडी मी पाटीवर गिरवून शिकवली. आणि तू माझा अंगठा लावलास. दुसरीकडून सही करून घेतली असती तर अक्षर पकडलं गेलं असतं, म्हणून अंगठा. कोणाचा आहे तो?

मग साक्षीदार वाचला. मोतीराम शंकर म्हस्के. सही ओळखायला मला चष्मा लागला नाही.

त्या वेळी ते गिरणीवर ज्वारी दळत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला. ते म्हणाले, “कडूबानं सांगितलं, तिची सही राहून गेली, नुसता साक्षीदार पाहिजे. मी वाचलं नाही.” मी पुन्हा विचारलं. तेच म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी गिरणी बंद केली. मग सांगितलं. गिरणीची मोटर जळाली होती, धंदा बसला होता, तू नवी मोटर आणून दिलीस. तीन वर्षं मी त्याच मोटरवरचं पीठ मळते आहे.

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. ऐकून तुला बरंच वाटेल. दोन वर्षांमागे मी तुझ्या ओसरीवर पदर पसरला, तू ‘नाव गेलं’ म्हणालास, तेव्हा ते माझ्या शेजारी बसून बशीतून चहा पीत होते. सगळं माहीत असून पीत होते. परत येताना एसटीत मी रडले तर मला म्हणाले, “जाऊ दे, नशीब आपलं.” मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते.

आठ दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही. प्रेरणाने स्वयंपाक केला. ती एवढंच म्हणाली, “तू म्हणशील तसं.” काय म्हणावं हेच मला सुचत नाही. तू नेम धरून मारलंस आणि बरोबर लागलं, हे कबूल करते.

पण अंगठा कोणाचा, हे मला सांगच.

अन्नपूर्णा


मांजरटेक
२५ मार्च २०२५

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मला भाऊजींना मध्ये आणायचं नव्हतं. तू आणायला लावलंस.

आता डोकं शांत ठेवून विचार कर. खोटं संमतीपत्र म्हणजे फौजदारी. तू तक्रार केलीस तर मी एकटा जात नाही, साक्षीदार पहिला जातो. साठीच्या घरातला माणूस, गुडघ्याचं दुखणं. त्याला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसवायचं आहे का तुला? प्रेरणा आधीच घरी बसलेली, त्यात बापाचं हे. चिखलीत गिरणीवर कोण येईल दळायला?

मी मोठ्या मनाने मार्ग काढतो. येत्या ७ एप्रिलला, सोमवारी, लोणारच्या रजिस्ट्री ऑफिसला ये. मी गाडी पाठवतो. हक्कसोड करून दे. तो कागद झाला की मागचं सगळं मी पाहून घेईन, तुमच्या दोघांच्या केसाला धक्का लागणार नाही. प्रेरणाला मी एक शिलाई मशीन घेऊन देतो, पिकोफॉलवालं.

अंगठ्याचं काय घेऊन बसलीस? अंगठ्याला नाव नसतं.

तुझ्या पत्रांनी माझ्या घरातही आग लावली आहे. पोस्टमन आला की छकुली पत्र आईला वाचून दाखवते, पोरगी आठवीत आहे, तिला काय कळतं. मागचं पत्र ऐकल्यापासून गोजर माझ्याशी बोलत नाही, जेवण वाढते आणि आत जाऊन बसते. माझी काळजी करून तिने खाणंपिणं सोडलं आहे. तिच्याकडे बघून तरी हे थांबव. गावातली पोरं मला पाहून ‘सत्तेचाळीस’ म्हणून हाका मारतात. निवडणूक तोंडावर आहे.

ताई, शेवटचं सांगतो. सोमवारी ये.

कडूबा


चिखली
१० एप्रिल २०२५

कडूबा,

सोमवारी मी लोणारला आले होते. तुझ्या गाडीने नाही, एसटीने. तू रजिस्ट्री ऑफिसच्या झाडाखाली उभा होतास, पांढरा शर्ट घालून. मी तुला पाहिलं. तू मला पाहिलं नाहीस, कारण मी तिकडे वळलेच नाही. आम्ही दोघं तहसीलमध्ये गेलो.

आदल्या रात्री मी यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. पोलीस स्टेशनचा बाक, गुडघ्याचं दुखणं, सगळं. म्हटलं, माझ्या भावाने तुमची भीती घालून माझ्याकडून सही मागितली आहे. तुम्हीच सांगा, देऊ का? ते म्हणाले, “सही देऊ नको. तहसीलमध्ये मी येतो.”

तहसीलमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला. अंगठा आपल्यासमोर झाला नाही, सही मोटरच्या मोबदल्यात केली, हे दोन्ही लिहिलं. मी शेजारी उभी होते, पण पाठीवर हात ठेवला नाही. तेवढं माझ्याच्याने झालं नाही, आणि कधी होईल ते सांगता येत नाही. माझ्या नावावर वसुली निघाली तर आम्ही भरू, हेही लिहून दिलं आहे. त्यासाठी गिरणी विकावी लागली तर विकू. यांना कोर्टात उभं राहावं लागलं तर राहतील. ते तयार आहेत आणि मी त्यांना अडवणार नाही.

आता तुझ्या उपकारांचा हिशोब. आईचं तू म्हणालास ते खरं आहे. मी यायचे, रडायचे आणि जायचे. त्याची मला आजही लाज वाटते. पण आईचं केलं ते गोजरबाईने, तू नाही. तिने तिच्या मेहनतीबद्दल काही मागितलं तर मी माझ्या चार एकरांतून देईन. तुला नांगराची एक काकरीही देणार नाही.

विहीर तू खोल केलीस, तिच्या पाण्याचा हिस्सा ठरवून घेऊ, तुला तोटा होणार नाही. मोजणीचा अर्ज भरला आहे. ६ मे तारीख मिळाली आहे. तुला नोटीस येईल. त्या दिवशी प्रेरणा माझ्याबरोबर असेल. मामाशी कसं बोलायचं ते मी तिला सांगितलेलं नाही, तिचं तिने ठरवावं. तू मात्र तिच्यासमोर आवाज चढवलास तर मी खपवून घेणार नाही. गावातल्या एकाही लेकीने आजवर हिस्सा घेतला नाही म्हणतोस. मग मी पहिली.

तू माझा धाकटा भाऊ. तुला कडेवर घेऊन मी वावरात फिरले. मला तुझा राग येतो तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही, आणि तो जाईल असं मला वाटत नाही. पुन्हा पत्र लिहू नकोस. लिहिलंस तर मी न फोडता परत पाठवीन.

अन्नपूर्णा


मांजरटेक
१९ एप्रिल २०२५

सौ. अन्नपूर्णाबाईले गोजरबाईचा पाया पडून नमस्कार.

बाई, हे पत्र मी सांगून राह्यली अन् छकुली लिहून राह्यली. यायले माईत नाही. हे बीबी गावच्या बाजाराले गेले हायेत.

तुमी दोनदा इचारलं, अंगठा कोणाचा. माहा हाय. तीन वर्षांमागं यायनं घरी कागद आणला, म्हणे घरकुलाचा अर्ज हाय, अंगठा लाव. म्या इचारलं बी नाही. पंचवीस वर्षं झाले, जिथं म्हटलं तिथं लावत आली. तुमचं पत्र छकुलीनं वाचलं तवा मले समजलं का म्या तुमच्या जागी अंगठा देला. मले लय शरम वाटली. जेवण जात नाही. यायले वाटते मी त्यायच्या काळजीनं अशी झाली.

तहसीलात मले बोलावलं तर मी येते. माहा अंगठा हाय म्हणून सांगते. मारतीन तर मारू द्या. छकुली म्हणते मी बी येते संगं.

तुमी माह्या मेहनतीचं लिहिलं, ते छकुलीनं दोन डाव वाचून दाखवलं. माह्या सासूचं म्या केलं ते मनापासून केलं, त्याचं काही नको. मोजणीच्या दिवशी जेवाले आमच्याकडं नाही येता येणार तुमाले. मी भाकरी बांधून वावरात आणीन. प्रेरणाले ठेचा आवडते, तो बी आणीन.

आखरी एक इचारते, बाई. माहं माहेर संग्रामपूरकडचं. बाप जाऊन नऊ वर्षं झाले. भाऊ दोन हायेत. बापाच्या तेरवीले त्यायनं मले बी एका कागदावर अंगठा लावाले सांगतला होता, म्या लावला. आता छकुली म्हणते सातबारा कोणाले बी पाहाता येते, पाच मिनिटं लागतात.

माह्या बापाच्या सातबाऱ्यावर माहं नाव हाय का नाही, हे कसं पाहाचं, तेवढं छकुलीले नीट लिहून पाठवा.

गोजरबाई